आटलेलं अस्तर आणि मंगळवारचं बाकडं

त्या साली आमच्याकडं पाणी सोडून बाकी सगळं साठत होतं. घागरी रिकाम्या, हौद वाळून त्याला भेगा पडलेल्या, पण दवाखान्याच्या बाकड्यावर बसलं की किस्से मात्र काठोकाठ. सकाळी नंबर लावायचा आणि दुपारपर्यंत बसायचं. बायका दुसरं काय करणार? बोलतात.

मी तशी एका जागी बसणारी बाई नाही. दर पाच मिनिटाला उठायचं, खिडकीत जाऊन सिस्टरला विचारायचं, परत यायचं, परत उठायचं. शेवटी सिस्टर म्हणाली, "ताई, तुम्ही बसून राहिलात की नंबर लवकर येतो." मला ते खरंच वाटलं! तेव्हापासून बसायला लागले आणि बसले म्हणून हे सगळं कानावर पडलं.

आधी माझं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मी उदगीरची, सातवी पास, घरी ब्लाउज शिवते. मालक दालमिलमध्ये कामाला. माझी जानू अडीच वर्षांची होती तेव्हा माझ्या छातीत डाव्या बाजूला गाठ निघाली, आणि ती साधी नव्हती. हैदराबादला ऑपरेशन झालं. डावी बाजू सगळी काढली आणि त्याच ऑपरेशनात कातडीखाली सिलिकॉनची पिशवी बसवून दिली. इम्प्लांट म्हणतात त्याला. बाई तरणी आहे, अंगावर काहीतरी दिसायला पाहिजे, असं सगळ्यांचं ठरलं. मलाही विचारलं होतं, नाही असं नाही. पण मी तेव्हा "जानूनं दूध पिलं का" एवढंच विचारत होते. त्यानंतर मशीनखाली झोपून लाईटी, म्हणजे रेडिएशन, घेतल्या. गाठीचा धोका टळला असं डॉक्टर म्हणाले.

दोन वर्षं बरी गेली. मग ती पिशवी कडक व्हायला लागली. आधी कच्च्या पेरूसारखी, मग क्रिकेटच्या चेंडूसारखी. वर सरकली, बरगडीला ओढ बसायला लागली. हात वर करून दोरीवर कपडे टाकायचे म्हटलं की कळ यायची. दुसऱ्यांच्या ब्लाउजची फिटिंग करणारी मी, माझ्याच ब्लाउजच्या दोन कटोऱ्या जुळेनात.

म्हणून लातूर. तिथं दर मंगळवारी एक प्लास्टिक सर्जन मॅडम यायच्या. आणि माझ्यापुढं प्रश्न एकच: ही पिशवी काढायची का, आणि काढली तर तिच्या जागी काय?

*

पहिल्या मंगळवारी मॅडमनी तपासलं आणि म्हणाल्या, "कॅप्सूल आवळलीय. काढावी लागेल बहुतेक. पुढच्या मंगळवारी बोलू."

मी घरी आले आणि डोकं धरून बसले. कॅप्सूल! हैदराबादहून आल्यापासून मी किती कॅप्सूल गिळल्या असतील, त्यातली कोणती तरी छातीत अडकली आणि आवळून बसली. सासूबाईंना सांगितलं. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो. त्यांनी माझ्या औषधांचा डबा पालथा केला, लालपिवळ्या कॅप्सूल एका बाजूला, गोळ्या एका बाजूला. म्हणाल्या, "ही लाल. हीच आसंल. हिला शेपटावानी टोक हाय." आठवडाभर मला सकाळ-संध्याकाळ पिकलं केळ. "केळं खा, म्हंजे सरकंल खाली."

दुसऱ्या मंगळवारी मी मॅडमना मोठ्या विश्वासानं सांगितलं, "मॅडम, आठ दिवस एकबी कॅप्सूल घेतली न्हाई. वरून चौदा केळी खाल्ली. आता सुटली आसंल ना?"

मॅडमनी पेन खाली ठेवला. हसल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. कागदावर एक गोल काढला. म्हणाल्या, ही पिशवी. अंगात बाहेरची वस्तू गेली की शरीर तिच्याभोवती एक पातळ पडदा तयार करतं. सगळ्यांचंच करतं. त्या पडद्याला कॅप्सूल म्हणतात. तो बऱ्याच जणींत मऊ राहतो. काहींचा आवळतो, पिशवीला दाबतो आणि ती कडक लागते. लाईटी घेतलेल्या असल्या की हे जास्त होतं. तुमची काही चूक नाही, आणि केळ्यांचीही नाही.

मी तो गोल बघत राहिले. म्हटलं, "म्हंजे अस्तर."

"काय?"

"अस्तर, मॅडम. अस्तराचं कापड आधी भिजवून घ्यायचं आसतं. तसंच शिवलं की पहिल्या धुण्यात आटतं. वरचं कापड चांगलंच आसतं, पण अस्तर त्याला आतून वढतं. ब्लाउज वर चढतो, गोळा हुतो."

कागदावर 'कॅप्सूल' लिहिलं होतं ते खोडून मॅडमनी खाली लिहिलं, अस्तर.

माझ्या पाठोपाठ एक बाई आत गेली. दार उघडंच होतं. मॅडमचा आवाज ऐकू आला, "हे बघा, तुमचं अस्तर आटलेलं नाहीये, घाबरू नका." ती बाई बाहेर येऊन मला विचारते, "ह्या डॉक्टर हायत का टेलर?"

*

बाकड्यावर आम्ही तिघी पक्क्या. कौसामावशी शिरूर अनंतपाळच्या. पन्नाशीच्या पुढच्या, शेतीवाल्या, नऊवारी, आवाज टँकरच्या हॉर्नसारखा. त्यांचीही एक बाजू काढलेली, पण इम्प्लांट वगैरे काही नाही. आणि प्रज्ञाताई. मूळच्या हदगावच्या, लातूरला सरकारी ऑफिसात नोकरी. त्यांनी पहिली पिशवी काढून दुसरी बसवली होती, वर्षातून एकदा दाखवायला यायच्या, पण त्या साली सोनोग्राफीसाठी दोनतीनदा आल्या आणि आमच्यातल्याच झाल्या.

प्रज्ञाताईंनीच मला पहिल्यांदा भीती घातली, म्हणजे मुद्दाम नाही. म्हणाल्या, त्यांची पहिली पिशवी आतल्या आत फुटली होती आणि त्यांना पत्ताच नव्हता. दुखलं नाही, खुपलं नाही. तपासणीत दिसलं. "म्हणून तू बी बघून घे, लीक आहे का ते."

झालं. त्या दिवसापासून मी दिवसातनं वीस वेळा हात लावून बघायची. शिलाई मशीनवर बसले की बघायची, भाकरी थापताना बघायची. मॅडमनी मोठ्या मशीनची तपासणी लिहून दिली होती, तिची तारीख आठ दिवसांनी.

ते आठ दिवस मालक फोनवर सगळ्यांना एकच सांगत होते: "लीक हाय का बघायचंय. लीक आसंल तर लगेच काढावं लागंल." अंगणात उभं राहून, मोठ्यानं. शेजारच्या शहनाजभाभीनं ऐकलं. त्या साली आमच्या गल्लीत नळाला पंधरा-वीस दिवसांनी पाणी यायचं. लीक हा शब्द चोरी, दरोडा यांच्या वरचा होता. भाभी बिचाऱ्या चांगल्या मनानं गेल्या आणि नळ सोडणाऱ्या माणसालाच घेऊन आल्या. तो पाना घेऊन दारात.

"कुठं हाय लीक?"

मालक गडबडले. खरं सांगता येईना. म्हणाले, "ते... लातूरला हाय."

तो माणूस पाना खांद्यावर टाकून म्हणाला, "लातूरला रेल्वेनं पाणी आणून राहिले, अन् तुम्हाला तिथं लीक सापडली?"

तपासणीत लीक नव्हती. मी बाकड्यावर बसून रडले. कौसामावशींनी सगळ्या ओपीडीला ऐकू जाईल असं विचारलं, "फुटली न्हाई म्हून रडलालीस का?"

*

लीक नाही, म्हणजे घाई नाही. मॅडम म्हणाल्या, "आता शांतपणे ठरवा. तुमच्यापुढे ऑप्शन आहेत."

ऑप्शन या शब्दाचं आमच्या शाळेत वेगळं होतं. जे जमत नाही ते ऑप्शनला टाकायचं. मी सातवीत अख्खी भूमिती ऑप्शनला टाकली होती. म्हणून मॅडम "ऑप्शन" म्हणाल्या की मला वाटलं, यातलं काहीतरी सोडून द्यायचंय. आणि मला तर सगळंच सोडून द्यावंसं वाटत होतं.

प्रज्ञाताईंनी तो कागद बाकड्यावर वाचून दाखवला, ऑफिसात जीआर वाचतात तसा. एक, काहीच करायचं नाही. लीक नाही, दुखणं सोसण्यासारखं असेल तर तपासत राहायचं. दोन, पिशवी आणि अस्तर काढायचं, नवी पिशवी बसवायची. पण लाईटी घेतलेल्या जागेवर अस्तर परत आटू शकतं, आणि कोणतीच पिशवी जन्मभराची नसते. तीन, पिशवी काढायची आणि स्वतःच्या अंगातलं, पोटाचं नाहीतर पाठीचं मांस तिथं आणून उभं करायचं. मोठं ऑपरेशन, दोन जागी टाके, बरं व्हायला जास्त दिवस. चार, नुसती काढायची आणि सपाट शिवून टाकायचं. वरून पाहिजे तर आतल्या कपड्यात पॅड घालायचं. नंतर मन बदललं तर पुढं काही करता येतं, पण ते सोपं असेलच असं नाही.

"तीन नंबर झकास," कौसामावशी म्हणाल्या. "घरचंच सामान. माझ्या पोटाचं घ्या, लई हाय."

दुसऱ्याचं चालत नाही, असं प्रज्ञाताईंनी सांगितलं. मावशींनी मग माझ्याकडं वरून खाली बघितलं. लाईटी, गोळ्या, काळजी, आणि त्यात त्या साली घागरी वाहून वाहून माझं पोट पाठीला लागलेलं.

"हिच्या पोटाला?" मावशी म्हणाल्या. "हितं दोनशे फूट खांदलं तरी काय लागायचं न्हाई."

मी आत जाऊन मॅडमना विचारलं. मॅडमनी माझं पोट चिमटीत धरून बघितलं आणि भिंतीकडं बघत म्हणाल्या, "पाठीचं थोडं निघेल."

*

कौसामावशींचं पॅड हा वेगळाच किस्सा आहे.

दुकानातलं पॅड त्यांना पसंत नव्हतं, उन्हात गरम होतं म्हणायच्या. त्यांनी स्वतः सुती पिशवी शिवली आणि तिच्यात मूग भरले. मूग का? तर वजन बरोबर जुळतं, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या बाजूशी हातानं तोलून भरले होते.

त्यांच्या गावात टँकर आला की पळापळ. एकदा पाइप सुटला आणि धार सरळ मावशींच्या अंगावर! पाण्यानं भरलेली घागर सोडून कपडे कोण बदलणार? ओली पिशवी घरी जाऊन खुंटीला टांगली आणि विसरल्या. दोन दिवसांनी लातूरला यायचं म्हणून काढायला गेल्या, तर पिशवी फुगून टम्म, आणि शिवणीतून पांढरे मोड बाहेर.

मावशी बाकड्यावर हे सांगत होत्या आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. "पोरी, यंदा आमच्या आख्ख्या शिवारात दाणा उगवला न्हाई. हितं उगवला."

मग प्रज्ञाताईंनी हळूच विचारलं, "मग काय केलं त्याचं?"

"उसळ."

*

घरी मात्र वेगळीच हवा होती. त्या साली उदगीर जिल्हा होणार, जिल्हा होणार, असं जोरात चाललं होतं. मोर्चे, बॅनर, बंद. आणि आमच्या घरातलं प्रत्येक काम जिल्ह्यावर जाऊन अडत होतं. भिंतीला पोपडे? जिल्हा झाल्यावर रंग देऊ. जानूची शाळा? जिल्हा झाल्यावर चांगली शाळा येईल.

मी ऑपरेशनचं काढलं, तर मालक म्हणाले, "जरा दम धर की. जिल्हा झाला की मोठा दवाखाना हितंच येतोय. लातूरला हेलपाटे कशाला? घरापासून चालत जाऊ."

आत्याबाईंनी मान हलवली. मी विचारलं, कधी होणार? तर म्हणाले, "होऊनच राहिलाय."

खरं कारण मला माहीत होतं. मालकांना ऑपरेशन म्हटलं की घाम फुटतो. हैदराबादला मी आत गेले तेव्हा ते बाहेर दोन तास एकाच पायावर उभे होते, असं त्यांच्या भावानं सांगितलं. भितात, पण भितो म्हणता येत नाही. म्हणून जिल्हा.

पुढच्या मंगळवारी मी हे बाकड्यावर सांगितलं. प्रज्ञाताई ऑफिसातल्या, त्या फक्त म्हणाल्या, "फाईल आहे ती, बाई." कौसामावशींनी मात्र पदर सावरला.

"आगं, लातूर नवा जिल्हा झाला तवा मी नवी सून. माझी दाढ दुखलाली. सासरा म्हनला, थांब, आता जिल्हा झालाय, दाताचा डॉक्टर शिरूरला येनार." त्यांनी तोंड उघडून दाखवलं. आत वरचा एक आणि खालचे तीन. "आला की. डॉक्टर आला. दात थांबले न्हाईत."

मी घरी येऊन ते जसंच्या तसं सांगितलं. मालक हसले नाहीत. जेवून उठले आणि म्हणाले, "मंगळवारी मी येतो संगं."

*

पण माझं ठरलं ते मावशींमुळं नाही, प्रज्ञाताईंमुळंही नाही. जानूमुळं.

नळाला पाणी कधी येईल याचा नेम नसायचा. आदल्या खेपेचे दिवस मोजायचे आणि नळाला कान लावायचा. पाणी येण्याआधी पाइपात बारीक फुसफुस होते, मग आतून धडधड येते, मग धार. मोठ्यांना फुसफुस ऐकू येत नाही. जानूला यायची. पाच वर्षांची पोर, पण गल्लीतल्या सगळ्या घरांचा भरवसा तिच्या कानावर. एक कान नळाला, दुसऱ्या कानात बोट, डोळे मिटलेले, तोंड उघडं. "आलं!" म्हणाली की गल्ली घागरी घेऊन बाहेर. एकदाही चुकली नाही. शहनाजभाभी तिला जानू न म्हणता "नळवाली" म्हणायच्या.

ती नेहमी माझ्या उजव्या बाजूला बसायची, उजव्या बाजूला टेकायची. डावीकडं घेतली की सरकून जायची. मी मनाला लावून घेतलं नव्हतं, लेकरांची सवय असते. एका दुपारी मी मशीनवरून उठून भिंतीला टेकले होते. ती आली, आणि तिला काय वाटलं कोण जाणे, माझ्या डाव्या बाजूला कान लावला. अगदी नळाला लावते तसा. दुसऱ्या कानात बोट.

बराच वेळ ऐकलं. मग कान काढला, कपाळ चोळलं.

"हितं दगड हाय," ती म्हणाली. "आत काईच वाजत न्हाई. हे बंद हाय."

आणि खेळायला गेली.

मी त्या मंगळवारी पहिल्यांदा नंबर यायची वाट न बघता शांत बसले. सिस्टरनं दोनदा येऊन विचारलं, बरं वाटतंय ना.

*

मॅडमनी मालकांकडं न बघता मला विचारलं, "तुमचं काय ठरलं?"

मी म्हटलं, "चार नंबर. काढा. अस्तरासकट काढा, अन् परत काय शिवू नका."

मॅडम म्हणाल्या, अस्तर शक्य तेवढं काढू. बरगडीला फार चिकटलेलं असेल तर तेवढा तुकडा ठेवावा लागतो, ओढून फाडत नाहीत. आणि जागा काही पहिल्यासारखी होणार नाही. सपाट होईल, कदाचित थोडी खोलगट, एखादी चुणी राहील. त्याची तयारी आहे ना?

"चुनी राहिली तर राहू द्या," मी म्हटलं. "मी बायकांना सांगती की, घातल्यावर कळत न्हाई."

मालक खुर्चीच्या काठावर बसले होते. एवढंच म्हणाले, "मॅडम, हिला परत आत किती वेळ ठेवणार?" आणि रुमालानं कपाळाचा घाम पुसला. मॅडमनी त्यांना पाणी दिलं. लातूरला त्या साली कुणी कुणाला अख्खा ग्लास द्यायचं नाही. मालकांनी अर्धा पिऊन अर्धा मला दिला.

राहिल्या आत्याबाई. घरी सांगितलं तर त्या चुलीपुढं बसून राहिल्या. मला वाटलं आता म्हणतील, सपाट बाई कशी दिसेल, लोक काय म्हणतील. त्यांनी भाकरी उलटली आणि म्हणाल्या, "म्या तुला घरात आनली तवा ते बघून आनली व्हती का? हात बघून आनली. तुझी शिलाई लई सरळ व्हती."

*

ऑपरेशन झालं. पिशवी अख्खी निघाली, अस्तरही बहुतेक सगळं. मॅडमनी ती मला डबीत दाखवली. एवढीशी गोष्ट, आणि केवढा जोर. मी अस्तराकडं बघितलं. जाड, पांढरं, चामड्यासारखं. माझ्या अंगानंच शिवलेलं, पण मी असं काम गिऱ्हाइकाला दिलं नसतं.

जखमेतून एक नळी बाहेर काढून तिला डबी लावली होती. आतलं पाणी त्या डबीत जमतं. रोज मोजून वहीत लिहायचं आणि ते कमी झालं की नळी काढायची. ती मोजणी आत्याबाईंनी घेतली. सकाळी चष्मा लावून डबी उजेडाला धरायच्या.

तिसऱ्या दिवशी शहनाजभाभी बघायला आल्या. दारातूनच त्यांना ऐकू आलं, आत्याबाई हात जोडून म्हणत होत्या, "देवा, पानी कमी कर. आजून कमी कर."

भाभी दारातच थांबल्या. "अम्मा," म्हणाल्या, "हळू बोला. वर ऐकलं तर?"

*

नळी निघाली. टाके निघाले. तोवर जानूला माझ्याजवळ यायची बंदी होती. ती लांबून बघायची, पट्टीकडं, मग माझ्या तोंडाकडं. वीस-बावीस दिवस पोर माझ्या अंगाला लागली नव्हती. मला दुसरीच भीती. ती आता उजवीकडंही आली नाही तर? सपाट बघून लांबच राहिली तर? कपडे बदलताना मी पाठ करायची. हात लावून बघायची सवय गेली नव्हती, फक्त आता हाताला काही लागत नव्हतं.

एका दुपारी मी भिंतीला टेकून ब्लाउजला हुक लावत होते. आत्याबाई आत तांदूळ निवडत होत्या. नळाला अजून आठवडा तरी होता. जानू उंबऱ्यावरून उठून आली. विचारलं, "कान लावू का?"

मी सुई बाजूला ठेवली. म्हटलं, "लाव. हळू."

तिनं डावीकडं लावला. एका कानात बोट, डोळे मिटलेले, तोंड उघडं.

बराच वेळ ऐकलं. तिच्या केसांचा वास येत होता. मी श्वाससुद्धा जपून घेत होते.

मग तिनं डोळे उघडले. अनवाणी पळत गेली ती थेट गल्लीच्या मधोमध, आणि तिथून तिचा आवाज आला, "आलं! आलं! आलं!"

पुढचं कुणी थांबवू शकलं नसतं. दारं आपटली, घागरी, कळश्या, बादल्या, पातेली. समोरच्या आजी काठी सोडून कळशी घेऊन निघाल्या. आत्याबाईंच्या सुपातले तांदूळ सगळ्या घरभर. मालक दालमिलमधून जेवायला येत होते, ते सायकल टाकून रांगेत उभे राहिले. क्षणात नळापुढं पंधरा-वीस भांडी.

कुणीतरी तोटी फिरवली. काहीच नाही. फुसफुससुद्धा नाही.

जानूचा कान कधी चुकला नव्हता, म्हणून कुणी तिला बोललं नाही. सगळे नुसते नळाकडं बघत राहिले. शेवटी शहनाजभाभीनं विचारलं, "कुठं आलं गं, नळवाली?"

जानूनं त्यांचा हात धरला आणि त्यांना ओढत आमच्या घरात आणलं. मागून आत्याबाई, मालक, निम्मी गल्ली दारात. मी तशीच भिंतीला टेकलेली, मांडीवर हुकांची डबी. जानूनं बोट दाखवलं.

"हितं. कान लावून बघा."

शहनाजभाभीनं काखेतली घागर खाली ठेवली, आणि ओढणी कानामागं सारली.